दात्याचा हात आणि सावकाराचा हात

मराठवाड्यात गावच्या अखंड हरिनाम सप्ताहाची पत्रिका हातात पडली की माणूस कीर्तनकारांची नावं वाचतो, आणि मग हळूच अन्नदात्यांची. कोणत्या दिवशी कोणाची पंगत, काल्याचा महाप्रसाद कोणाकडून. ज्याचं नाव काल्याला, त्याचं गावात वजन. निवडणुकीच्या वर्षी तर ही यादी उमेदवारांच्या यादीसारखीच वाचली जाते.

हे आजचं नाही. निजामी अंमलात इथली जमीन दिवाणी (सरकारी), सर्फ-ए-खास (निजामाची खासगी) आणि जहागिरी अशी वाटलेली होती. १८५३ मध्ये सालारजंग दिवाण होईपर्यंत महसूल वसुलीचे मक्ते, म्हणजे ठेके, दिले जात, आणि मक्तेदार आधी सरकारात भरलेला पैसा रयतेकडून दामदुपटीने काढी. पुढे कारभार सुधारला. पण पेरणीला बियाणं नसलं की कुणब्याची पायवाट वाड्याकडे किंवा सावकाराच्या पेढीकडेच जायची. धान्य सवाईने, दिढीने, म्हणजे सव्वापट-दीडपट, परत करायचं, नाहीतर रान गहाण. त्याच सावकाराने बांधलेल्या धर्मशाळेत वारकरी मुक्कामाला असत. ती धर्मशाळा खोटी नव्हती, त्यातली श्रद्धाही खोटी नव्हती. पण देणाऱ्यापुढे मान वर करून बोलायची सोय मात्र राहत नसे.

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. १९४९ मध्ये जहागिऱ्या गेल्या, १९५० मध्ये कूळकायदा आला. पुढच्याच वर्षी याच हैदराबाद राज्यात, तेलंगणातल्या पोचमपल्लीत, विनोबांना १०० एकरांचं पहिलं भूदान मिळालं. कागदावर जमीन हलली. वाड्याचा दबदबा एवढ्या लवकर हलला नाही.

दानाची दुसरी रीतही इथं होती, आणि मला ती फार मोलाची वाटते. १९२१ मध्ये हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झालेले स्वामी रामानंद तीर्थ तिथले शिक्षक. १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज आणि औरंगाबादला डॉ. आंबेडकरांच्या संस्थेचं महाविद्यालय, पुढचं मिलिंद, उभं राहिलं. शिकलेल्या पोराने संस्थेच्या मालकाचा झेंडा धरावा, ही अट त्यात नव्हती. १९८३ मध्ये विनाअनुदानित महाविद्यालयांना वाट मोकळी झाली आणि 'डोनेशन' या शब्दाचा अर्थच फिरला: प्रवेशासाठी, पुढे नोकरीसाठी मोजायची रक्कम. संस्थाचालक आमदार झाले की मास्तर बूथवर बसू लागले.

साखर कारखान्यांनी हे आणखी घट्ट केलं. सभासद तोच मतदार, आणि कोणाच्या उसाला आधी तोड द्यायची हे चेअरमनच्या हातात. रानात ऊस वाळत असताना कोण विरोधात बोलणार? उन्हाळ्यात टँकर त्यांचा, लेकीबाळींचे सामुदायिक विवाह त्यांच्याच मांडवात.

सगळ्यात खाली बीड जिल्ह्यातला ऊसतोड मजूर. पावसाळ्यातच मुकादम, म्हणजे मजुरांची टोळी जमवणारा, दारात येऊन उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. त्या पैशातून दवाखाना, लग्न, जुनी देणी भागतात. दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, पहाटे फडात कोयता पडतो, आजारपणाचा दिवससुद्धा खाडा म्हणून कापला जातो. हंगाम संपताना हिशेब होतो, आणि उचल फिटली नसेल तर बाकी पुढच्या सालावर चढते.