वणवा : विदर्भातल्या जंगलात आग लागण्याची कारणं

जंगलातल्या वाळक्या पाल्यागवताला लागून पसरत जाणारी आग म्हणजे वणवा. विदर्भात याचा सीझन १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात. मेळघाट, ताडोबा, पेंच, नागझिरा, सगळीकडे जंगल मुख्यतः पानझडी, त्यामुळे मार्चपर्यंत खाली सागाच्या पानांचा करकरीत थर साचलेला असतो. आग बहुतेक जमिनीलगतच चालते, शेंड्याला क्वचित चढते.

नैसर्गिक कारणांत पहिलं नाव बांबूचं निघतं, वाऱ्यानं बांबू एकमेकांवर घासतात आणि ठिणगी पडते असं. बांबूवर बांबू घासून आग काढता येते हे खरं, पण त्याला पूर्ण वाळलेला तुकडा लागतो, त्याला खाच पाडावी लागते, एकाच जागी दाब देऊन भराभर घासावं लागतं आणि खाचेत जमलेला गरम भुसा जपून फुंकावा लागतो. रानातल्या बेटात घासायची जागा सारखी सरकते, हिरव्या बांबूत ओल असते. ही शक्यता मानणारे आहेत, तरी या नोंदीचा कल ती जवळजवळ नसल्याकडे आहे. बांबूचा खरा दोष वेगळा, मानवेल जातीचा बांबू काही दशकांनी एकदम फुलोऱ्यावर येतो आणि मरतो, मग वाळलेली बेटंच्या बेटं जळणासारखी उभी राहतात.

‘उन्हानं जंगल पेटलं’ असंही गावात म्हणतात. चंद्रपूरचा पारा ४६-४७ वर गेला तरी पाला पेटायला अडीचशे अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त तापमान लागतं. ऊन पाला वाळवतं, पेटवत नाही. वीज मात्र खरंच आग लावते. कॅनडा, ऑस्ट्रेलियात पावसाविना पडणाऱ्या विजांनी मोठमोठे वणवे लागतात. आपल्याकडे अवकाळीची वीज बहुधा पाऊस घेऊनच येते, तेव्हा एखादं वठलेलं झाड धुमसतं, इतकंच.

म्हणजे उरतो माणूस, आणि भारतातले ९५ टक्क्यांच्या आसपास वणवे माणसामुळेच लागतात असं सर्वसाधारण मानलं जातं. मोहाचंच बघा, मार्च-एप्रिलात फुलं पहाटे टपटप पडतात, पाल्यात ती दिसत नाहीत म्हणून आदल्या दिवशी झाडाखालचा पाला पेटवून जागा साफ करतात, आणि दुपारच्या वाऱ्यानं ती आग बुंध्यापुरती राहत नाही. यात जंगलाचं वाईट करायचा हेतू नसतो, घराचं महिन्याभराचं उत्पन्न असतं, म्हणून नुसता दंड करून हे थांबणार नाही. झाडून घेणं किंवा खाली जाळी बांधणं हा उपाय घरोघरी पोचायला हवा. तेंदूचंही (ज्याच्या पानांत बिडी वळतात) तसंच, आग फिरली की नवी कोवळी पानं जोमानं फुटतात असा समज आहे, फुटतातही, पण झुडपं छाटूनही (बेणकटाई) तोच फुटवा मिळतो.

याशिवाय शेताचे धुरे (बांध) आणि पऱ्हाट्या (कापसाची वाळकी झाडं) जाळणं, गुरांसाठी नवं गवत यावं म्हणून जुनं पेटवणं, फेकलेली बिडी.

व्हीआयआयआरएस उपग्रह-सेन्सर ३७५ मीटरच्या चौकोनात आग टिपतो, तो ठिकाण देतो, कारण देत नाही, त्यामुळे कारण बरेचदा मोसम आणि जागा बघून अंदाजानंच लिहिलं जातं. एप्रिल २०२१ मध्ये नागझिऱ्यात आग विझवताना तीन वनमजुरांचा जीव गेला. राखीव जंगलात आग लावणं भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे, संरक्षित जंगलासाठी कलम ३३.