पिन आणि प्लॅन: जागेकडे नेणारा एक, जागा सांगणारा दुसरा

गोव्यात, पेडण्यातल्या एका उतारावर, काजूच्या सावलीत, मी पुण्याहून आलेल्या नवरा-बायकोला प्लॉट दाखवत होते. मालकाच्या पुतण्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेली पिन फोनवर उघडी होती आणि निळा ठिपका तिच्यावर येऊन बसला होता. बाईंना जागा पसंत पडली होती, घर कुठे बांधायचं तेही त्या हाताने दाखवू लागल्या होत्या. तेवढ्यात खालून एक वयस्क गृहस्थ कोयता घेऊन वर आले. "ताई, आमच्या भाटात काय बघताय?" त्यांनी शांतपणे विचारलं. मी सर्व्हे नंबर सांगितला. त्यांनी कोयत्याच्या टोकानेच व्हाळाकडे, म्हणजे ओढ्याकडे, खूण केली. "तो पलीकडे. ह्या बाजूचा पोटहिस्सा वेगळा."

पुतण्या खोटं बोलला नव्हता. मोटारसायकल जिथपर्यंत जाते तिथे थांबून त्याने 'करंट लोकेशन' दाबलं होतं. पिनने तो जिथे उभा होता ती जागा बरोबर दाखवली. तीच विक्रीची जमीन, असं मी धरून चालले. माझ्याजवळ सर्व्हे प्लॅनची पीडीएफही होती, फोनमध्येच. ती उघडून बघितली असती तर प्लॅनवरचा व्हाळ आणि डोळ्यांसमोरचा व्हाळ यांची बाजू जुळत नाही हे तिथेच कळलं असतं.

मोपाच्या विमानतळावरून जानेवारी २०२३ मध्ये विमानं उडू लागली, तेव्हापासून पेडणे तालुक्यात जमीन शोधणाऱ्यांचे फोन वाढले आहेत. त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "मॅप पाठवा." या एका शब्दात सगळा घोळ आहे. घेणाऱ्याला गुगल मॅपची पिन हवी असते. मालक समजतो सर्व्हेचा नकाशा मागताहेत. मधला एजंट दोन्ही पाठवून मोकळा होतो आणि कोणता नकाशा कशासाठी हे सांगायचं राहून जातं. मी आता 'मॅप' हा शब्द वापरणंच सोडलं आहे. पिनला पिन म्हणते, प्लॅनला प्लॅन.

पिन म्हणजे दोन आकडे, अक्षांश आणि रेखांश. बस, एक बिंदू. त्याला लांबी-रुंदी नाही, हद्द नाही, मालक नाही. गोव्यात अक्षांश पंधराच्या आसपास असतो आणि दशांशचिन्हापुढे पाच-सहा आकडे येतात. सहावा आकडा जमिनीवर साधारण ११ सेंटिमीटर इतका बारीक असतो. तो बघून माणसाला वाटतं, वितभर जागासुद्धा नेमकी सापडली. पण आकडा जितका बारीक तितकं यंत्र अचूक नसतं. उघड्या आकाशाखाली साधा स्मार्टफोन साधारण ४.९ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात आपली जागा सांगतो, असं अमेरिकी सरकारच्या जीपीएस संकेतस्थळावरच लिहिलं आहे. झाडांखाली आणि भिंतींजवळ ही अचूकता आणखी घसरते, कारण उपग्रहाचा सिग्नल फांद्यांतून दुबळा होऊन किंवा भिंतीवर आपटून येतो. कुळागरात पोफळींखाली फोन स्थिर धरून उभं राहा आणि निळ्या ठिपक्याभोवतीचं फिकट वर्तुळ बघा. ते फुगतं, आखडतं, ठिपका उगाच चार पावलं सरकतो. ते वर्तुळ म्हणजे "मी साधारण इथे आहे" असं फोनने स्वतःच दिलेलं कबुलीपत्र आहे. ते वाचायची सवय प्रत्येक एजंटाने लावून घ्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पाच मीटर म्हणजे फार नव्हे, असं वाटेल. हिशेब करून बघू. ४०० चौरस मीटरचा प्लॉट म्हणजे समजा २० बाय २०. त्याची एक कड पाच मीटर सरकली तर १०० चौरस मीटरचा पट्टा इकडचा तिकडे होतो, प्लॉटचा चौथा हिस्सा. गोव्यात जमिनीचा भाव चौरस मीटरवर बोलला जातो, त्यामुळे हा पट्टा थेट पैशांत मोजता येतो. म्हणून प्लॉटच्या चार कोपऱ्यांवर फिरून चार पिना टाकायच्या आणि त्यावरून क्षेत्रफळ काढायचं, हा प्रकार मी कोणालाच सुचवत नाही. चार कोपरे, चारही ठिकाणी चूक वेगळ्या दिशेला.

आता प्लॅन. मुक्तीनंतर गोव्यात १९६८ ची जमीन महसूल संहिता आली. गावागावांच्या जमिनीला सर्व्हे नंबर आणि पोटहिस्सा आहे तो या व्यवस्थेतला. लिहिताना १२/३ आणि बोलताना 'बारा-तीन' म्हणतो तो हाच. सर्व्हे प्लॅनवर त्या तुकड्याच्या हद्दीच्या रेषा असतात, शेजारचे नंबर असतात, उत्तर दिशेचा बाण असतो आणि प्रमाण असतं. गावाकडचा प्लॅन बहुधा १:१००० असतो, म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर एक मीटर. म्हापसा, मडगाव, पणजीसारख्या शहरांत सिटी सर्व्हे असतो, तिथे सर्व्हे नंबराऐवजी चलता नंबर आणि पी. टी. शीट नंबर विचारायचा. भूनक्षा संकेतस्थळावर गाव निवडून सर्व्हे नंबर टाकला की तुकड्याचा आकार पडद्यावर दिसतो. सहज बघायला ते फार सोयीचं आहे. व्यवहाराला मात्र भूमापन खात्याकडून रीतसर घेतलेला प्लॅनच हवा.

प्लॅन तुकड्याचा आकार सांगतो, शेजार सांगतो. 'तिथे जायचं कसं' हे त्याला विचारायचं नसतं. त्यावर चहाचं दुकान नाही, देवळाचा कळस नाही, गेल्या वर्षी झालेला रस्ता नाही. सर्व्हे झाला तेव्हा नसलेलं घर त्यावर असेलच असं नाही. म्हणून मुंबईच्या गिऱ्हाइकाला नुसता प्लॅन पाठवून "या" म्हणणंही चुकीचंच. त्याला पिन लागते. वाड्यावरच्या घरांना रस्त्याचं नाव आणि नंबर नसतो तिथे प्लस कोडही चालतो. प्लस कोड म्हणजे पत्त्याऐवजी वापरायचा गुगलचा छोटा अक्षर-आकड्यांचा कोड; नेहमीच्या प्लस कोडचा चौकोन साधारण १४ बाय १४ मीटरचा असतो. दारापर्यंत पोचायला पुरेसा, हद्द ठरवायला निरुपयोगी.

इथपर्यंत फरक सरळ आहे. अवघड जातं ते दोन्ही एकमेकांवर चढवले जातात तेव्हा. सॅटेलाइट चित्रावर सर्व्हेच्या रेषा रंगवून दाखवणारी ॲप आली आहेत, आणि काही एजंट स्वतःच प्लॅनचा स्क्रीनशॉट गुगल अर्थवर ताणून बसवतात. चित्र देखणं होतं, गिऱ्हाईक खूश होतं. पण त्या रेषा कोणीतरी ओढून-ताणून बसवलेल्या असतात. कागदी नकाशा वेगळ्या मोजणीतून आला आहे, आकाशातलं चित्र वेगळ्या मोजणीतून, आणि चित्रातही थोडा सरक असू शकतो. रेषा चिऱ्यांच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, नेमकी बसलेली दिसली तरी ती माणसाने तिथे नेऊन बसवली असण्याची शक्यता आधी धरावी. गडगाही नेहमी हद्दीवर असतो असं नाही. गुरं आत येऊ नयेत म्हणून सोयीच्या जागी घातलेले गडगे मी कितीतरी पाहिले आहेत. असं चढवलेलं चित्र मी समजावण्यापुरतं वापरते आणि त्यावर ठळक लिहिते: 'हद्द अंदाजे'.

संगणकावर गुगल मॅपमध्ये 'अंतर मोजा' करून टोकं जोडली की क्षेत्रफळ येतं. तेही अंदाजापुरतं ठीक. उतारावरच्या जमिनीत टेप लावणाऱ्यांचा आणखी एक गोंधळ होतो. नकाशा आणि प्लॅन दोन्ही आडवं, सपाट अंतर मोजतात. टेप उतारावर पडून असते. २० मीटर आडव्या अंतरात जमीन पाच मीटर चढत असेल तर टेप साधारण २०.६ मीटर दाखवते. गिऱ्हाईक म्हणतं जमीन जास्त भरली. ती भरलेली नसते.

छपाईतली चूक मात्र मला सर्वात जास्त सतावते, कारण ती निमूटपणे होते. प्लॅनची पीडीएफ दुकानात नेली की प्रिंटर ती कागदात मावावी म्हणून आपोआप थोडी लहान करतो. प्रिंट ९७ टक्क्यांवर निघाली तर पट्टीने मोजलेली २० मीटरची बाजू १९.४ येते आणि ४०० चौरस मीटर ३७६ होतात. मग मालक आणि घेणारा दोघेही एकमेकांकडे संशयाने बघतात. दुकानदाराला आवर्जून सांगायचं, 'फिट टू पेज' नको, शंभर टक्के काढा. मग पट्टी लावायची. आणि प्लॅन व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून कधीच पाठवू नये, डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. फोटो दाबला जातो, बारीक अक्षरं फुटतात, पोटहिस्सा १ चा ७ वाचला जातो, आणि आपण भलत्याच तुकड्याचा उतारा काढून बसतो.

उताऱ्याचं नाव निघालंच, म्हणून थोडं. गोव्यात हा उतारा म्हणजे फॉर्म एक-चौदा. त्यात कब्जेदाराचं नाव, क्षेत्रफळ, कुळाचं नाव आणि इतर हक्कांचा रकाना असतो. जमिनीचा प्रकारही असतो: जिरायत, बागायत, तरी (भातशेती), खाजन, केर, मोरड अशी स्थानिक नावं. इतर हक्कांत मुंडकाराच्या, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याच्या, घराची नोंद असेल तर पिन आणि प्लॅन दोन्ही बिनचूक असूनही व्यवहार वेगळाच होतो. भातशेतीची जमीन असेल तर २०२३ च्या कायद्याने ती बिगर-शेतकऱ्याला विकण्यावर निर्बंध आहेत. बांधकाम चालेल की नाही हे नगरनियोजन खात्याचा झोनिंग दाखला सांगतो. आणि एक-चौदातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानतात, तरी मालकी तेवढ्याने ठरत नाही. पोर्तुगीज काळातली नोंदणी आणि मात्रिजपर्यंतची (तेव्हाची करनोंद) कागदपत्रं वकिलाकडून तपासून घ्यावी लागतात. जुन्या दस्तांत हद्दी शब्दांत असतात, पूर्वेला व्हाळ, पश्चिमेला कोमुनिदादची (गावाच्या सामायिक संस्थेची) जमीन, अशा. मला त्या वाचायला आवडतात, कारण त्या घेऊन जमिनीवर गेलं की पिन आणि प्लॅन दोघांचीही परीक्षा होते.

त्या दिवसानंतर मी कामाची पद्धत बदलली. मालकाकडून आलेली पिन मी पुढे पाठवतच नाही. आधी स्वतः प्लॅन घेऊन जाते, शेजाऱ्याला विचारते, आणि पटलं की प्लॉटच्या मधोमध उभी राहून, वर्तुळ लहान होईपर्यंत थांबून, माझी पिन टाकते. तिला नाव देते ते गाव आणि सर्व्हे नंबर. त्याच नावाच्या फोल्डरमध्ये प्लॅन आणि उतारा. वाट अवघड असेल तर गाडी उभी करायच्या जागेची दुसरी पिन, तिच्या नावात 'पार्किंग' हा शब्द. गिऱ्हाईक वाटेत असेल तर लाइव्ह लोकेशन एक तासासाठी. हद्दीचे दगड मे महिन्यात शोधून फोटो काढून ठेवते, कारण जूननंतर गवत गुडघ्याला लागतं आणि दगड सापडत नाहीत. बयाण्याची गोष्ट निघाली की मात्र फोन बाजूला. तिथे रीतसर मोजणी, टोटल स्टेशन हे मोजणीचं यंत्र घेऊन येणारा सर्व्हेयर आणि शेजाऱ्यांना आधी निरोप.

पुण्याचे ते दोघे पंधरा दिवसांनी पुन्हा आले. या खेपेला प्लॅन छापून आणला होता, शंभर टक्क्यांवर. कोयतेवाले काकाच आम्हाला व्हाळाच्या दगडांवरून पलीकडे घेऊन गेले आणि पाचोळा बाजूला करून त्यांनी कोपऱ्याचा दगड दाखवला. दगड प्लॅनवर होता तिथेच होता. जागा पहिल्यापेक्षा सुंदर होती, वर दोन मोठे आंबे. गुगल मॅप तिथपर्यंत छान निळी वाट दाखवत होता. बाईंनी प्लॅनवर बोट फिरवत विचारलं, "ही वाट यात कुठे आहे?" ती नव्हती. फोन दाखवत होता ती काकांच्या भाटातली पायवाट होती, आणि पावसात व्हाळ भरला की तीही बंद. मी मालकाला त्याच संध्याकाळी फोन करून सांगितलं, आधी वाटेचा हक्क लिहून घेऊ या, मग गिऱ्हाईक आणते.