सर्व्हायव्हल गेममधील धर्मसंकट

अन्न, पाणी, ऊब, औषध आणि वेळ यांची सतत टंचाई असलेल्या व्हिडिओ गेममध्ये स्वतःचा किंवा आपल्या भरवशावर असलेल्या माणसांचा जीव वाचवण्यासाठी दुसऱ्याच्या तोंडचा घास काढावा की काढू नये, असा जो पेच खेळाडूपुढे उभा राहतो, त्याला या नोंदीत धर्मसंकट म्हटले आहे. तग धरणे हेच ज्यांचे मुख्य उद्दिष्ट असते अशा गेमना सर्व्हायव्हल गेम म्हणतात. त्यांपैकी बहुतेकांत सरपण गोळा करणे, शिकार करणे, निवारा बांधणे एवढाच व्यवहार असतो आणि त्यात नीतीचा प्रश्न क्वचितच येतो. तो येतो तेव्हा मात्र इकडे आड तिकडे विहीर अशी स्थिती होते, कारण हाती असलेला एकच डबा दोघांना पुरणारा नसतो.

चांगले-वाईट वागण्याचा हिशेब ठेवणारे गेम असे पेच येण्याआधीही होते. १९९७ सालच्या ‘फॉलआउट’मध्ये खेळाडूच्या कृत्यांप्रमाणे त्याचे ‘कर्म’ वाढे किंवा घटे, आणि ते याच नावाने मोजले जाई. २००३ सालच्या ‘नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक’मध्ये प्रकाशाची आणि अंधाराची अशा दोन बाजू होत्या. परंतु या गेममध्ये चांगुलपणाची फारशी किंमत मोजावी लागत नसे. भिकाऱ्याला दोन नाणी दिली तर पुण्य जमा होई आणि खिशाला त्याची झळ बसत नसे. खेळाडू सुरुवातीलाच संत व्हायचे की खलपुरुष हे ठरवून टाकी आणि पुढे प्रत्येक प्रसंगी त्या ठरावाप्रमाणे उत्तर निवडी. उत्तर आधीच ठरलेले असले की पेच उरत नाही. सर्व्हायव्हल गेमने या मांडणीत एकच गोष्ट बदलली, ती म्हणजे दिलेल्या वस्तूची उणीव देणाऱ्याला त्याच रात्री भासू लागली.

मराठी वाचकाला या विचाराची ओळख आपद्धर्म या शब्दातून आधीपासून आहे. महाभारताच्या शांतिपर्वात बारा वर्षांच्या अवर्षणात भुकेने व्याकूळ झालेला विश्वामित्र रात्री एका चांडाळाच्या घरातून कुत्र्याची तंगडी चोरायला जातो, आणि जागा झालेला तो चांडाळच ऋषीला धर्म शिकवू लागतो. जगणे मरणापेक्षा बरे, कारण जगला तरच माणूस पुढे धर्म आचरू शकेल, असे विश्वामित्राचे म्हणणे आहे. हा संवाद लांबलेला आहे आणि चांडाळाचे युक्तिवाद मुळीच दुबळे नाहीत. आपत्काळी नियम शिथिल होतात हे मान्य केल्यावरही कोणता नियम, किती आणि कोणाच्या जिवावर शिथिल करायचा, हा प्रश्न तिथे उरतो, आणि पुढे वर्णिलेल्या गेममध्येही नेमका तोच प्रश्न हाताळलेला आहे.

या प्रकारातील सर्वांत महत्त्वाची कृती म्हणजे पोलंडच्या वॉर्सा शहरातील इलेव्हन बिट स्टुडिओज या संस्थेने १४ नोव्हेंबर २०१४ रोजी प्रसिद्ध केलेला ‘धिस वॉर ऑफ माइन’ हा गेम. युद्धावरील गेममध्ये खेळाडू सैनिक असतो, हा तोवरचा रिवाज होता. येथे तो वेढ्यात अडकलेल्या शहरातील सामान्य नागरिकांचा गट सांभाळतो. पोगोरेन हे शहर काल्पनिक आहे, पण त्यामागे साराजेव्होचा वेढा उभा आहे. ५ एप्रिल १९९२ ते २९ फेब्रुवारी १९९६ असे १,४२५ दिवस चाललेल्या त्या वेढ्यात लोक पाण्याच्या रांगेत गोळ्या खाऊन मेले आणि हिवाळ्यात त्यांनी घरातील सामान व पुस्तके जाळून ऊब मिळवली. गेममध्येही पुस्तक वाचता येते आणि तेच फोडून सरपण म्हणून चुलीत घालता येते. उदास झालेल्या माणसाला वाचनाने थोडा धीर येतो, आणि थंडीने आजारी पडलेल्याला शेगडी हवी असते. पुस्तक एकच असेल तर दोघांपैकी कोणाचे ऐकायचे हे खेळाडूने ठरवायचे असते. हा प्रश्न पडद्यावर शब्दांत कधीच येत नाही. येतो तो फक्त सामानाच्या यादीतून.

गेमचा एक दिवस दोन भागांत विभागलेला आहे. दिवसा बाहेर नेमबाज टपलेले असल्यामुळे सर्व जण पडक्या घरातच राहतात. तेथे पाणी गाळणे, खाट बनवणे, भिंतीची भगदाडे बुजवणे, जेवण शिजवणे अशी कामे चालतात. रात्री गटातील एक जण पाठीवर पिशवी घेऊन बाहेर पडतो, बाकीचे झोपतात किंवा पहारा करतात. पिशवीत जागा मोजकी असते आणि पहाटेपूर्वी परतावे लागते. पहिल्या काही रात्री ओसाड घरांतून फळ्या, सुटे भाग, डबाबंद अन्न असे काहीबाही सापडत राहते. मग ओसाड जागा संपतात, आणि ज्या घरांत अजून कोणी राहते तीच घरे उरतात.

‘शांत घर’ असे नाव असलेले एक ठिकाण या गेमच्या चर्चेत नेहमी येते, आणि त्याला कारण आहे. तेथे एक वृद्ध दांपत्य राहते. त्यांच्याकडे शस्त्र नाही आणि ते प्रतिकारही करत नाहीत. घरात अन्न आहे, औषधे आहेत, आणि कपाटावर कर्सर नेला की ही खाजगी मालमत्ता असल्याची सूचना दिसते. खेळाडूने सामान घ्यायला सुरुवात केली की म्हातारा त्याच्या मागे मागे चालत, पत्नी आजारी आहे, निदान औषध तरी नेऊ नका, अशी विनवणी करत राहतो. खेळाडूचा माणूस त्याला ढकलतही नाही, बोलतही नाही. फक्त पिशवी भरत राहतो. सगळे लुटून नेल्यानंतर काही दिवसांनी पुन्हा त्या घरी गेल्यास ते दोघे मेलेले आढळू शकतात. या प्रसंगात कोणतेही गुण कापले जात नाहीत, कारण गुण नावाची गोष्टच गेममध्ये नाही. परंतु सकाळी घरी परतल्यावर चोरी करणारा खिन्न असतो, त्या खाण्यावर जगणारे इतरही अस्वस्थ होतात, आणि प्रत्येकाच्या टिपणात त्याच्या स्वभावाप्रमाणे त्या रात्रीची नोंद उमटते. एक जण स्वतःला दोष देतो. दुसरा म्हणतो, दुसरा काही मार्गच नव्हता. खिन्नता वाढत गेली की माणूस मंद चालतो, काम टाळतो, अंथरुणातून उठत नाही. अगदी खचलेला माणूस गट सोडून जातो किंवा आत्महत्या करतो. अपराधाची जाणीव येथे उपदेशाच्या रूपाने येत नाही. भूक आणि थंडी यांच्यासारखीच तीही शरीराला पोखरणारी गोष्ट म्हणून येते. प्रस्तुत लेखकाच्या मते या गेमचे सर्वांत मोठे यश हेच आहे.

उलट बाजूचा पेचही तितकाच काळजीपूर्वक रचलेला आहे. सुपरमार्केटच्या अवशेषांत एक सैनिक अन्नाचे आमिष दाखवून एका तरुणीला बळजबरीने नेताना दिसतो. मध्ये पडायचे तर निःशस्त्र माणसाने बंदूकधाऱ्याशी झुंजायचे, आणि आपला माणूस मेला तर त्या रात्री घरी कोणीच परत येत नाही; न पडायचे तर ते दृश्य मनात घेऊन परतायचे. दुसऱ्या एका प्रसंगी सकाळी दारावर थाप पडते आणि दोन मुले आजारी आईसाठी औषध मागतात. औषधाची एकच बाटली असते आणि आतल्या खोलीत आपलाही कोणी तापाने पडलेला असतो. युद्ध किती दिवस चालणार हे मूळ गेममध्ये सांगितलेले नसते, त्यामुळे ‘आणखी चार दिवस कसेबसे काढू’ असा हिशेबही मांडता येत नाही. शेवटी युद्धबंदी झाल्यावर वाचलेल्या प्रत्येकाचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगितले जाते. जगला म्हणून तो सुखी झाला असे नेहमीच नसते.

या गेमला शाळेच्या दप्तरातही जागा मिळाली. जून २०२० मध्ये पोलंडच्या पंतप्रधानांनी तो विद्यार्थ्यांसाठीच्या शिफारस केलेल्या वाचनयादीत घेतल्याचे जाहीर केले, आणि समाजशास्त्र, नीतिशास्त्र, तत्त्वज्ञान व इतिहास या विषयांच्या अभ्यासासाठी तो विनामूल्य उपलब्ध करून देण्यात आला. १९४४ मध्ये नाझींविरुद्ध झालेल्या उठावानंतर ज्यांची राजधानी वॉर्सा जवळजवळ पूर्ण उद्ध्वस्त झाली होती, त्या समाजाने हा निर्णय घ्यावा यात नवल नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर निर्मात्यांनी सात दिवसांतील या गेमचा सर्व नफा युक्रेनच्या रेडक्रॉसला देण्याची घोषणा केली.

याच संस्थेच्या ‘फ्रॉस्टपंक’ या २४ एप्रिल २०१८ रोजी आलेल्या गेममध्ये पेच घरातून नगरात गेला. काळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा, जग गोठलेले, आणि लंडन सोडून उत्तरेकडे आलेली सुमारे ८० माणसे कोळशावर चालणाऱ्या एका प्रचंड भट्टीभोवती वस्ती करून राहिलेली, अशी कथेची सुरुवात आहे. खेळाडू त्यांचा प्रमुख असतो आणि कायद्यांच्या पुस्तकावर सही करतो. मुलांना सुरक्षित कामांवर पाठवायचे की त्यांच्यासाठी निवारा उभारायचा. अन्न पुरवण्यासाठी पातळ रस्सा द्यायचा की भुसा मिसळलेले जेवण. हिमबाधा झालेल्या रुग्णाचा पाय कापून त्याला जगवायचे की बरे करण्याचा उपाय मिळेपर्यंत त्याला अंथरुणातच जगवत ठेवायचे. प्रेते दफनभूमीत पुरायची की बर्फाच्या खड्ड्यात साठवायची, असे हे कायदे आहेत. केलेला कायदा साधारणतः मागे घेता येत नाही. एकेक सही त्या दिवसापुरती समजूतदारपणाची वाटते. कोळसा कमी पडतो, म्हणून एका दिवसासाठी २४ तासांची पाळी लावली जाते. लोक चिडतात, म्हणून पहारेकरी नेमले जातात. पहारेकऱ्यांना काम हवे, म्हणून तुरुंग बांधला जातो. व्यवस्था किंवा श्रद्धा यांपैकी एका मार्गाने जाताना सर्वाधिकाराच्या टोकापर्यंत पोहोचता येते, आणि तेथवर गेलेल्या खेळाडूला आपण नेमक्या कोणत्या दिवशी वळलो हे सहसा सांगता येत नाही. कथेच्या शेवटी येणारे महावादळ ओसरल्यावर नगराची सगळी वाढ पडद्यावर भराभर पुन्हा दाखवली जाते, सही केलेले कठोर कायदे आठवून दिले जातात, आणि एवढी किंमत मोजण्याजोगी होती का, असे गेम विचारतो. या शेवटच्या प्रश्नावर अनेक खेळाडूंनी आक्षेप घेतला. माणसे वाचवली ती आम्ही, आणि आता जाब विचारणारा हा कोण, असा त्यांचा रोष होता. तो रोष अनाठायी म्हणता येणार नाही. पुस्तक आणि सरपण यांच्या पेचात जे न बोलता साधले होते, ते येथे बोलून दाखवल्यामुळे काहीसे बोथट झाले आहे.

ऑगस्ट २०१३ मध्ये आलेला लूकस पोप यांचा ‘पेपर्स, प्लीज’ हा रूढ अर्थाने सर्व्हायव्हल गेम नसला तरी त्याचा येथे उल्लेख करणे आवश्यक आहे. आर्स्टोट्झ्का या काल्पनिक देशाच्या सीमेवर, १९८२ साली, खेळाडू कागदपत्रे तपासणारा कारकून असतो. तपासलेल्या माणसागणिक मजुरी मिळते, चुका वाढल्या की दंड होतो, आणि संध्याकाळी त्याच पैशांतून घरच्यांचे जेवण, ऊब व औषध भागवायचे असते. एका नवऱ्याचे कागद बरोबर असतात, त्याच्यामागे उभ्या असलेल्या बायकोकडे परवाना नसतो, आणि परत पाठवले तर मला मारतील असे ती सांगते. दया दाखवण्याची किंमत येथे दंडाच्या पावतीच्या रूपाने यंत्रातून बाहेर येते, आणि ती आपल्या मुलाच्या ताटातून वजा होते. २०१२ सालच्या ‘द वॉकिंग डेड’मध्येही चारच खाद्यवस्तू हाती देऊन त्याहून कितीतरी अधिक भुकेल्या माणसांत वाटायला सांगितले जाते. मात्र भाग संपल्यावर किती टक्के खेळाडूंनी काय निवडले हे दाखवले जात असल्यामुळे लक्ष स्वतःच्या निवडीवरून बहुमताकडे वळते.

या रचनेच्या मर्यादा उघड आहेत. गेम पुन्हा सुरू करता येतो; मेलेला माणूस दुसऱ्या डावात जिवंत असतो. ‘धिस वॉर ऑफ माइन’मध्ये हवे तेव्हा सेव्ह करण्याची सोय मुद्दाम ठेवलेली नाही, तरी रात्र बिघडली की गेम बंद करून ती पहिल्यापासून खेळणारे असतातच. सरावलेल्या खेळाडूला कोणत्या ठिकाणी काय सापडते हे पाठ होते, आणि मग म्हातारा विनवणी करत असताना त्याला फक्त फ्रीज आणि औषधाचे कपाट दिसू लागते. हे अटळ आहे, पण त्यामुळे पहिल्या खेळातील अनुभव खोटा ठरत नाही. माणसाच्या दुःखाकडे पाहण्याची नजर सवयीने मरते, हे वेढ्यातून वाचलेल्या लोकांनीही सांगितले आहे. ज्याची चूल कधी विझलेली नाही अशा माणसाने भूक हा खेळ म्हणून खेळणे कितपत उचित, हा आक्षेप याहून गंभीर आहे. त्याला समाधानकारक उत्तर देता येत नाही. एवढे मात्र नमूद करता येते की, बंदूक हाती देऊन युद्ध खेळवणाऱ्या असंख्य गेमविषयी हा प्रश्न फार कमी वेळा विचारला गेला.

२० सप्टेंबर २०२४ रोजी आलेल्या ‘फ्रॉस्टपंक २’मध्ये नगर मोठे झालेले आहे आणि प्रमुखाचा शब्द आता अंतिम राहिलेला नाही. कायदे १०० प्रतिनिधींच्या सभेपुढे मांडावे लागतात, गटांशी सौदे करावे लागतात, एकाला दिलेले वचन दुसऱ्यासमोर लपवावे लागते. मुलांना कामाला लावायचे की नाही, हा प्रश्न पहिल्या गेममध्ये एका सहीने सुटत असे. येथे त्यासाठी ५१ मते जमवावी लागतात.