फोर्स इंडिया व्हीजेएम०१

फोर्स इंडिया व्हीजेएम०१ ही २००८ च्या फॉर्म्युला वन सीझनमधली गाडी, भारताच्या नावाने ग्रांप्रीत (म्हणजे फॉर्म्युला वनच्या रेसमध्ये) उतरलेल्या टीमची पहिलीच. १८ रेस, पॉइंट शून्य. रेकॉर्डमध्ये एवढंच दिसतं, आणि तेवढं बघून गाडीला डब्बा म्हणून मोकळं झालं तर मोनॅकोची रेस राहूनच जाते.

गाडीचं अनावरण ७ फेब्रुवारी २००८ ला मुंबईत, थेट गेटवे ऑफ इंडियाला झालं. मुंबईत रेसिंग म्हणजे महालक्ष्मीचे घोडे, इथे ना ट्रॅक ना काही, पण मालक विजय मल्ल्या म्हटल्यावर थाट असणारच. गाडी आतून मात्र तशी जुनीच होती. इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनची ही टीम आधी जॉर्डन, मग मिडलँड, मग स्पायकर, आणि २००७ च्या शेवटी मल्ल्या आणि डच मोल कुटुंबाने मिळून घेतल्यावर फोर्स इंडिया, त्यामुळे नवीन डिझाइनला वेळच नव्हता आणि स्पायकरच्या एफ८-व्हीआयआयबी वरूनच व्हीजेएम०१ काढली गेली. टेक्निकल बाजू माइक गॅस्कॉइनकडे होती.

इंजिन फेरारीचं, २.४ लिटरचं व्ही८. ते काही कमजोर नव्हतं, त्याच वर्षी टोरो रोसोने फेरारीच्याच इंजिनवर मॉन्झाची रेस जिंकली (व्हेटेलची पहिली), म्हणजे दुखणं बाकीच्या गाडीत होतं. झटका न देता गिअर बदलणारा गिअरबॉक्स मोठ्या टीम्सकडे आधीपासून होता, यांच्याकडे तो आला सीझनच्या उत्तरार्धात.

ड्रायव्हर दोन, जानकार्लो फिसिकेला आणि आद्रियन सुटिल, टेस्टिंगला लिउझी. भारतीय कोणीच नाही, आणि यावरून तेव्हा बरीच कुरकुर झाली. फिसिकेलासाठी ही घरवापसी होती, त्याची पहिली ग्रांप्री त्याने २००३ मध्ये ब्राझीलला याच टीमच्या जॉर्डनमध्ये जिंकली होती. ऑस्ट्रेलियात सुरुवात वाईट झाली, फिसिकेला पहिल्याच लॅपला बाहेर आणि सुटिलही लवकरच. मग एप्रिलमध्ये स्पेनला फिसिकेला दहावा आला, हाच सीझनचा बेस्ट रिझल्ट, पण तेव्हा पॉइंट फक्त पहिल्या आठांना मिळायचे.

आणि मग २५ मे, मोनॅको. आयपीएलचा पहिलाच सीझन चालू होता, मुंबईत सगळे क्रिकेटमध्ये बुडालेले, रेस आपल्याकडे रविवारी संध्याकाळी साडेपाचला सुरू व्हायची त्यामुळे रिमोटसाठी भांडण ठरलेलं. तिकडे पाऊस. ओल्या मोनॅकोत इंजिनच्या ताकदीपेक्षा हात जास्त लागतात, आणि सुटिल मागून सुरुवात करून, कोणी भिंतीला लागतंय कोणी टायर बदलायला पिटला जातंय त्यातून वाट काढत चक्क चौथ्या नंबरवर पोचला. चौथा म्हणजे ५ पॉइंट! शेवटच्या काही लॅप उरलेल्या, सेफ्टी कार (अपघातानंतर पुढे राहून सगळ्यांना हळू चालवायला लावणारी गाडी) नुकतीच आत गेलेली, आणि बोगद्यातून बाहेर येऊन ब्रेक मारताना किमी रायकोनेनची फेरारी घसरली ती सरळ सुटिलच्या मागच्या बाजूवर. सुटिलची रेस तिथेच संपली आणि बिचारा रडला, रायकोनेन मात्र पुढचा भाग बदलून नववा आला. जाणूनबुजून नव्हतं हे मान्य, पण वर्ल्ड चॅम्पियनकडून असं झालं की जास्त लागतं. त्याच रेसला फिसिकेलाची २०० वी ग्रांप्री होती, तीही गिअरबॉक्सने खाल्ली.

बाकी सीझनमध्ये सांगण्यासारखं कमीच. मॉन्झाला पावसात फिसिकेला क्वालिफायिंगला (रेसमधला सुरुवातीचा नंबर ठरवणाऱ्या फेरीत) बारावा, आणि ब्राझीलला त्याने सगळ्यांच्या आधी कोरड्या ट्रॅकचे टायर घालून थोडा वेळ पाचव्या नंबरपर्यंत मजल मारली, मग परत मागे. टीम ११ पैकी दहावी आली. खाली राहिली सुपर अगुरी, जी चार रेसनंतर बंदच पडली होती, आणि तिचेही पॉइंट शून्यच, म्हणजे वरचा नंबर मिळाला तो स्पेनच्या त्या दहाव्या नंबरमुळे. त्याच वर्षी मल्ल्यांची बंगलोरची आयपीएल टीमही आठात सातवी होती.

सीझन संपल्यावर गॅस्कॉइन आणि टीम प्रिन्सिपल कॉलिन कोलेस दोघेही गेले, फेरारीचं इंजिन सोडून मर्सिडीजचं घेतलं. पुढच्या व्हीजेएम०२ मध्ये फिसिकेलाने ऑगस्ट २००९ ला बेल्जियमच्या स्पाला पोल (म्हणजे सुरुवातीचा पहिला नंबर) घेतली आणि रेसमध्ये दुसरा आला, टीमचे पहिले पॉइंट ते. जिंकला कोण, तर रायकोनेन, एका सेकंदापेक्षाही कमी फरकाने.