आपत्कालीन वैद्यकीय सेवकांचे नाव राष्ट्रीय सन्मानासाठी कसे सुचवावे : पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज प्रक्रिया

रुग्णवाहिकेतील डॉक्टर, आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ, १०८ सेवेत ‘पायलट’ म्हणून ओळखला जाणारा चालक, अपघात विभागातील परिचारिका आणि मदतीचा कॉल घेऊन गाडी रवाना करणारा कर्मचारी, या सर्वांच्या कामामुळे दररोज माणसे वाचतात. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली आणि तेव्हापासून हे काम खेड्यापाड्यांच्याही परिचयाचे झाले. तरीही या सेवकांची नावे राष्ट्रीय पुरस्कारांच्या यादीत क्वचितच दिसतात. त्यांच्यासाठी मार्गच नाही, हे त्याचे कारण नव्हे. मार्ग आहेत, परंतु शिफारस करणाऱ्यांना कोणता पुरस्कार कोणत्या कामासाठी असतो याची नेमकी कल्पना नसते, आणि चुकीच्या पुरस्कारासाठी पाठवलेला चांगला प्रस्ताव मागे पडतो. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी योग्य पुरस्कार निवडणे हीच या प्रक्रियेतील सर्वांत महत्त्वाची पायरी आहे.

कोणत्या कामासाठी कोणता सन्मान

पोलीस, अग्निशमन, गृहरक्षक व नागरी संरक्षण आणि कारागृह सेवा यांतील कर्मचाऱ्यांसाठी शौर्याची व सेवेची राष्ट्रीय पदके आहेत. रुग्णवाहिका सेवा मात्र त्या यादीत नाही. कॅनडाने आपत्कालीन वैद्यकीय सेवेतील वीस वर्षांच्या उत्तम सेवेसाठी १९९४ मध्ये स्वतंत्र पदक सुरू केले, तर ब्रिटनमध्ये रुग्णवाहिका सेवेसाठीचे राजपदक २०१२ पासून दिले जाते. आपल्याकडेही असे पदक असावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तूर्त ज्या पुरस्कारांमध्ये या सेवकांचा विचार होऊ शकतो ते प्रामुख्याने तीन आहेत. जिवाचा धोका पत्करून दुसऱ्याचा जीव वाचवल्याच्या एखाद्या विशिष्ट घटनेसाठी जीवन रक्षा पदक आहे, दीर्घकाळ केलेल्या असामान्य कार्यासाठी पद्म पुरस्कार आहेत आणि परिचर्या व्यवसायातील नोंदणीकृत व्यक्तींसाठी राष्ट्रीय फ्लोरेन्स नाइटिंगेल पुरस्कार आहे. रस्ते अपघातातील जखमीला ‘सुवर्ण तासा’त, म्हणजे इजा झाल्यानंतरच्या पहिल्या तासाभरात, रुग्णालयात पोहोचवणाऱ्या नागरिकाला पंचवीस हजार रुपये देणारी ‘राह-वीर’ योजना वेगळी आहे. ती वाटसरू मदतकर्त्याला पुढे येण्याचे बळ मिळावे म्हणून आखलेली असल्याने सेवेतील कर्मचाऱ्याच्या गौरवाचा प्रस्ताव त्या वाटेने नेण्यात अर्थ नाही.

जीवन रक्षा पदक : पात्रता

हे पदक १९६१ मध्ये सुरू झाले. बुडणे, अपघात, आग, विजेचा धक्का, दरड कोसळणे, प्राण्याचा हल्ला, खाणीतील दुर्घटना अशा प्रसंगी दुसऱ्याचा जीव वाचवणाऱ्या व्यक्तीला ते दिले जाते. त्याच्या तीन श्रेणी आहेत. वाचवणाऱ्याच्या जिवाला अत्यंत मोठा धोका असताना दाखवलेल्या असाधारण धैर्यासाठी ‘सर्वोत्तम जीवन रक्षा पदक’, जिवाला मोठा धोका असताना दाखवलेल्या धैर्य व तत्परतेसाठी ‘उत्तम जीवन रक्षा पदक’ आणि स्वतःला गंभीर शारीरिक इजा होण्याचा धोका असताना केलेल्या कृतीसाठी ‘जीवन रक्षा पदक’ दिले जाते. पदकासोबत केंद्रीय गृहमंत्र्यांच्या स्वाक्षरीचे प्रमाणपत्र आणि श्रेणीनुसार अनुक्रमे दोन लाख, दीड लाख आणि एक लाख रुपयांची एकरकमी रक्कम मिळते. स्त्री-पुरुष, वय, व्यवसाय अशी कोणतीही अट नाही आणि मरणोत्तर पदकही देता येते.

आपत्कालीन सेवकांच्या दृष्टीने यातील एक तरतूद नीट समजून घ्यावी लागते. सशस्त्र दले, पोलीस दल आणि मान्यताप्राप्त अग्निशमन सेवा यांतील व्यक्तींनी कर्तव्याचा भाग म्हणून केलेली बचावाची कृती या पदकासाठी धरली जात नाही. त्यांनी कर्तव्याबाहेर केलेली कृतीच विचारात घेतली जाते. या अपवादात रुग्णवाहिका सेवेचा उल्लेख नाही. त्यामुळे ‘तो कामावर होता, तेव्हा त्याला पदक कसे मिळेल’ असे म्हणून प्रस्तावच न पाठवणे योग्य नाही. मात्र दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. धोका हा या पदकाचा गाभा आहे. धावत्या रुग्णवाहिकेत अवघड प्रसूती सुखरूप करणे किंवा बंद पडलेले हृदय छातीदाब देऊन पुन्हा सुरू करणे ही मोठ्या कौशल्याची कामे आहेत. पण त्यात सेवकाच्या स्वतःच्या जिवाला धोका नसेल, तर ती या पदकाच्या व्याख्येत बसत नाहीत. याउलट पूल पाण्याखाली गेलेला असताना दोराच्या आधाराने पलीकडे जाऊन अडकलेल्या गरोदर महिलेला आणणारा तंत्रज्ञ, किंवा गॅस गळती झालेल्या टँकरखालून जखमी चालकाला ओढून काढणारा पायलट, यांच्या कृतीची शिफारस निःसंकोचपणे करावी.

घटना जुनी नसावी, हीसुद्धा अट आहे. सर्वसाधारणपणे मागील दोन वर्षांतील घटनांचाच विचार होतो, आणि ही मुदत नेमकी कोणत्या तारखेपासून मोजायची ते त्या वर्षीच्या सूचनेत दिलेले असते. त्यामुळे या पदकाचा प्रस्ताव घटनेनंतर काही आठवड्यांत तयार करायला घ्यावा. साक्षीदारांच्या आठवणी ताज्या असतात आणि कागदही हाताशी असतात.

प्रस्ताव कोणत्या मार्गाने जातो

जीवन रक्षा पदकासाठीच्या शिफारशी राज्य शासने, केंद्रशासित प्रदेशांची प्रशासने आणि केंद्रीय मंत्रालये यांच्याकडून केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातात. तेथे पुरस्कार समिती त्यांची छाननी करते आणि समितीने निवडलेल्या नावांना पंतप्रधान व राष्ट्रपती यांची मान्यता घेतली जाते. केंद्र शासनाच्या बहुतेक पुरस्कारांसाठी एकच राष्ट्रीय पुरस्कार पोर्टल आहे (अवॉर्ड्स डॉट गव्ह डॉट इन), आणि कोणत्या पुरस्काराची नामांकने सध्या खुली आहेत व शेवटची तारीख कोणती हे तेथेच पाहावे. सामान्य नागरिकाला किंवा संस्थेला एखाद्या घटनेकडे लक्ष वेधायचे असेल, तर पोर्टलवरील सूचना वाचण्याबरोबरच घटनेचे निवेदन पुराव्यांसह जिल्हाधिकारी कार्यालयात द्यावे आणि पोहोच घ्यावी, असा माझा आग्रह राहील. राज्याच्या शिफारशीला शेवटी जिल्ह्यातून आलेल्या पडताळणीचाच आधार असतो, आणि पडताळणी झालेला प्रस्तावच पुढे टिकतो.

कागदपत्रे

सेवकाचे पूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता, ओळखपत्र, छायाचित्र आणि नेमणुकीचा पुरावा ही मूलभूत कागदपत्रे सहज मिळतात. नेमणुकीच्या पत्रात नियोक्ता म्हणून कोणाचे नाव आहे ते मात्र नीट वाचावे, कारण अनेक ठिकाणी रुग्णवाहिका सेवा कंत्राटदार संस्थेमार्फत चालते आणि सेवक शासकीय कर्मचारी आहे की खासगी संस्थेचा, यावर पुढे पद्म पुरस्काराची पात्रताही अवलंबून असते.

खरी मेहनत घटनेच्या पुराव्यासाठी घ्यावी लागते. मदतीचा कॉल कधी आला, गाडी कधी निघाली, घटनास्थळी कधी पोहोचली आणि रुग्ण कोणत्या रुग्णालयात कधी दाखल झाला, या वेळा नियंत्रण कक्षाच्या नोंदीत असतात. त्या नोंदीचा अधिकृत उतारा संस्थेच्या सही-शिक्क्यानिशी मागावा. पोलिसांत नोंद झाली असल्यास प्राथमिक माहिती अहवाल व पंचनामा, आग किंवा पुराची घटना असल्यास अग्निशमन दलाचा अथवा तहसीलदारांचा अहवाल, सेवक स्वतः जखमी झाला असल्यास शासकीय रुग्णालयाचे इजेचे प्रमाणपत्र, आणि किमान दोन प्रत्यक्षदर्शींची स्वाक्षरीसह लेखी निवेदने जोडावीत. साक्षीदार शक्यतो सेवकाचे नातेवाईक किंवा सहकारी नसावेत. वर्तमानपत्रातील कात्रण जोडायला हरकत नाही, परंतु केवळ कात्रणांवर उभा असलेला प्रस्ताव दुबळा ठरतो, कारण बातमीत धोक्याचे नेमके स्वरूप फार क्वचित लिहिलेले असते.

एका गोष्टीबाबत मी विशेष सावध करू इच्छितो. रुग्णाचे नाव, त्याचा आजार, तपासण्यांचे अहवाल आणि छायाचित्रे ही त्याची खासगी बाब आहे. वाचलेल्या व्यक्तीचा तपशील अर्जात देणे आवश्यक असेल तेव्हा तिची, किंवा ती अल्पवयीन असल्यास पालकांची, लेखी संमती घ्यावी आणि मागितल्यापेक्षा अधिक वैद्यकीय माहिती देऊ नये. ज्याच्या सेवेचा गौरव करायचा आहे त्यानेच रुग्णाची गोपनीयता आयुष्यभर जपलेली असते. ती आपल्या अर्जामुळे मोडणे अत्यंत अनुचित ठरेल.

घटनेचे वर्णन कसे लिहावे

छाननी करणाऱ्यांनी घटनास्थळ पाहिलेले नसते. त्यामुळे ‘जिवाची पर्वा न करता’ असे लिहिण्याऐवजी पाणी किती खोल होते, प्रवाहाचा वेग कसा होता, अंधार होता का, दुसरी मदत किती अंतरावर होती आणि सेवकाजवळ बचावाचे कोणते साहित्य होते वा नव्हते, हे लिहावे. धोका तपशिलातून दिसला पाहिजे. विशेषणे कितीही वापरली तरी ते काम साधत नाही. रुग्णवाहिकेत बहुधा दोन किंवा तीन जण असतात आणि पदक मात्र व्यक्तीला मिळते. म्हणून कोणी काय केले हे वेगवेगळे लिहावे आणि ज्यांनी धोका पत्करला त्या प्रत्येकाचा स्वतंत्र प्रस्ताव करावा. पायलटचे नाव अशा वेळी सर्वांत आधी गळते, हे खेदाने नमूद करावे लागते. डॉक्टरच्या उपचारांची नोंद कागदावर असते, पण गाडी आणि माणसे सुखरूप बाहेर काढणाऱ्याचे कौशल्य कोणत्याही तक्त्यात लिहिले जात नाही.

पद्म पुरस्कार : दीर्घ सेवेसाठी

१९५४ मध्ये सुरू झालेल्या पद्म पुरस्कारांसाठी कोणीही नागरिक पोर्टलवर नोंदणी करून नामांकन करू शकतो. स्वतःचे नामांकन करण्यासही मुभा आहे. कार्याचे वर्णन कमाल ८०० शब्दांत लिहावे लागते. पंतप्रधान दरवर्षी नेमत असलेली आणि मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखालील पद्म पुरस्कार समिती नावांची शिफारस करते, आणि प्रजासत्ताक दिनाच्या निमित्ताने ती जाहीर होतात. सार्वजनिक उपक्रमांसह शासकीय सेवेतील कर्मचारी सेवेत असेपर्यंत या पुरस्कारांना अपात्र असतात. डॉक्टर आणि शास्त्रज्ञ यांना मात्र या नियमातून सूट आहे. म्हणजेच शासकीय रुग्णालयाच्या अपघात विभागातील डॉक्टरांचे नामांकन करता येते, पण त्याच विभागातील शासकीय सेवेत असलेल्या परिचारिकेचे किंवा चालकाचे करता येत नाही. हा भेद मला न्याय्य वाटत नाही, तथापि नियम आजच्या घडीला असा आहे आणि अर्जदाराने तो आधीच तपासून घ्यावा. मरणोत्तर पुरस्काराचा विचार केवळ अपवादात्मक योग्यतेच्या प्रसंगी होतो.

नामांकनात क्षेत्र निवडावे लागते आणि तेथे अनेकांचा गोंधळ होतो. २०१७ च्या पद्मश्रीच्या यादीत याची दोन बोलकी उदाहरणे आहेत. महामार्गांवरील अपघातग्रस्तांसाठी मदतीची यंत्रणा उभारणारे गुजरातचे डॉ. सुब्रोतो दास यांना वैद्यकशास्त्र या क्षेत्रात सन्मान मिळाला, तर स्वतःच्या मोटारसायकलवरून रुग्णांना रुग्णालयात नेणारे पश्चिम बंगालच्या जलपाईगुडी जिल्ह्यातील चहामळ्याचे कामगार करीमुल हक यांना समाजसेवा या क्षेत्रात. रुग्णवाहिका वेळेवर न मिळाल्याने आईचा मृत्यू झाला आणि त्यातून हक यांनी हे काम सुरू केले. ज्यांच्याकडे वैद्यकीय पदवी नाही, पण ज्यांनी लोकांसाठी वर्षानुवर्षे रुग्णवाहतूक चालवली आहे, त्यांचे नामांकन समाजसेवा क्षेत्रात करणे त्यामुळे अधिक सयुक्तिक ठरते. ८०० शब्दांत सुरुवातीची स्थिती, सेवकाने स्वतः केलेले काम, त्याचा पसारा आणि इतरांना त्यातून मिळालेली दिशा, एवढेच लिहावे. मिळालेल्या लहान-मोठ्या प्रमाणपत्रांची यादी देऊन जागा संपवू नये. नियंत्रण कक्षात बसून फोनवर नातेवाइकांकडून छातीदाब करवून घेणाऱ्या कर्मचाऱ्यांना जीवन रक्षा पदक मिळणे कठीण असते; त्यांच्यापैकी जे शासकीय सेवेत नाहीत त्यांच्यासाठी राष्ट्रीय पातळीवर हाच मार्ग उरतो.

पद्म पुरस्कार ही पदवी नाही. तो मिळाल्यास नावाच्या आधी किंवा नंतर लावता येत नाही, आणि त्यासोबत रोख रक्कमही नसते.

परिचारिकांसाठी

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचा राष्ट्रीय फ्लोरेन्स नाइटिंगेल पुरस्कार १९७३ पासून दिला जातो आणि तो शासकीय तसेच स्वयंसेवी संस्थांतील परिचर्या कर्मचाऱ्यांना खुला आहे. पद्म पुरस्काराच्या नियमामुळे बाहेर राहणाऱ्या शासकीय परिचारिकांसाठी म्हणूनच तो फार महत्त्वाचा आहे. परिचर्या परिषदेकडील नोंदणी चालू असल्याचा पुरावा, सेवेचा तपशील आणि कार्यालयप्रमुखांची शिफारस आधीच तयार ठेवावी, कारण अर्जाची मुदत अनेकदा थोडकी असते.

अर्ज केल्यानंतर

पोर्टलवर सादर केलेल्या नामांकनाचा क्रमांक आणि प्रत जपून ठेवावी. पडताळणीसाठी पोलिसांचा किंवा महसूल कार्यालयाचा निरोप आल्यास मूळ कागद घेऊन हजर राहावे, आणि साक्षीदारांनाही त्याची पूर्वकल्पना द्यावी. निवड न झाल्यास पद्म पुरस्कारासाठी पुढील वर्षी नव्या माहितीसह पुन्हा नामांकन करता येते. जीवन रक्षा पदकासाठी मात्र घटनेच्या तारखेपासूनची मुदत शिल्लक आहे का, हे आधी पाहावे लागते. कोणत्याही पुरस्कारासाठी शुल्क मागणाऱ्या मध्यस्थाला पैसे देऊ नयेत आणि असा दूरध्वनी आल्यास पोलिसांना कळवावे.