सुपिरिअर कॅनाल डिहिसन्स: आतल्या कानातलं उघडं पडलेलं हाड

सुपिरिअर कॅनाल डिहिसन्स सिंड्रोम, डॉक्टर लोक नुसतं एससीडीएस म्हणतात, हा आतल्या कानाचा एक दुर्मिळ आजार. प्रत्येक कानात तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यातली वरची नळी मेंदूच्या अगदी खाली येते आणि तिच्यावर जे हाडाचं पातळ छप्पर असतं त्याला या आजारात कुठेतरी भोक असतं, दोन-चार मिलिमीटरचं, पण तेवढ्यानेच माणसाला स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो, मोठ्या आवाजाने चक्कर येते, शिंकलं की समोरची भिंत हलते. मला हे उजव्या कानात आहे. निदान झालं तेव्हा मराठीत वाचायला हाताशी काहीच लागलं नाही, म्हणून ही नोंद, इंदूरच्या आपल्या लोकांना डोळ्यासमोर ठेवून.

या आजाराचं पहिलं नीट वर्णन १९९८ मध्ये आलं, अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या लॉइड मायनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ पेशंटबद्दल लिहिलं, त्यातल्या दोघांचं ऑपरेशनही झालं होतं. म्हणजे आजार किती नवा (नवा म्हणजे कळलेला नवा, माणसांना तो आधीपासून होताच) हे बघा, ज्या डॉक्टरांचं शिक्षण त्याच्या आधी झालं त्यांच्या पुस्तकात हा नव्हताच. आवाजाने चक्कर येऊ शकते हे मात्र फार आधी माहीत होतं, इटलीच्या पिएत्रो टुलिओ यांनी कबुतरांच्या कानातल्या नळ्यांना बारीक भोकं पाडून आवाज ऐकवला तर त्यांची डोकी आणि डोळे हलायचे, ते १९२९ मध्ये छापून आलं, म्हणून आजही या लक्षणाला टुलिओ फेनॉमेनन म्हणतात.

बिघडतं काय

आतला कान म्हणजे हाडात कोरलेली, पाण्याने भरलेली पोकळी. तिला दोन खिडक्या असतात. एकीवर रिकिबीच्या आकाराचं इवलंसं हाड बसलेलं असतं, दुसरी गोल, तिला पातळ पडदा. आवाज आला की रिकीब आत ढकलते आणि गोल खिडकी तेवढीच बाहेर फुगते, मधलं पाणी शंखासारख्या भागातून हलतं आणि आपल्याला ऐकू येतं. तोलाच्या नळ्या हाडात बंद असल्यामुळे आवाजाने त्यांच्यातलं पाणी हलत नाही. छप्पर उघडं पडलं की तिसरी खिडकी तयार होते, मग आवाजाचा काही जोर तिकडे वळतो, बाहेरचे जाडे आवाज थोडे कमी ऐकू येतात आणि हाडातून येणारे शरीराचे आवाज मात्र फार मोठे होतात. शिवाय नळीतलं पाणी हललं की मेंदूला वाटतं डोकं फिरलं, आणि डोळे आपसूक वर आणि तिरके जातात.

गंमत अशी की अशी खिडकी एके काळी मुद्दाम पाडायचे. १९३८ मध्ये न्यूयॉर्कचे ज्युलियस लेम्पर्ट यांनी ओटोस्क्लेरोसिसमध्ये (रिकीब जाम होऊन ऐकू कमी येतं तो आजार) ऐकू यावं म्हणून आडव्या नळीत खिडकी करायचं ऑपरेशन प्रसिद्ध केलं, अनेकांना ऐकू येऊ लागलं आणि काहींना आवाजाने चक्करही येऊ लागली.

भोक का पडतं तर बहुतेक वेळा हाड लहानपणीच पुरतं जाड झालेलं नसतं, मग वयाने किंवा डोक्याला मार लागून किंवा एकदम जोराच्या दाबाने उरलेला पातळ थर जातो असं मानतात, म्हणून त्रास बहुतेकांना मोठेपणी, चाळिशीच्या आसपास वगैरे सुरू होतो. २००० सालच्या एका अभ्यासात ५९६ माणसांची १००० कानशिलाची हाडं मायक्रोस्कोपखाली तपासली, त्यात पूर्ण भोक ०.५ टक्के हाडांत मिळालं आणि अगदी कागदासारखं पातळ छप्पर आणखी १.४ टक्के हाडांत.

त्रास कसा असतो

हे सांगायला लागलं की लोक आपल्याकडे बघायला लागतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. सकाळच्या पोह्यांवर शेव घातलेली असते ना, ती चावताना मला बाहेरचं काहीच ऐकू येत नाही, करवंट्या फुटतायत असा आवाज डोक्यात असतो, घरचे काय बोलतायत ते घास गिळल्यावर विचारायचं. चालताना टाच टेकली की धप्प, पाऊल कानात पडतं. नाडीचे ठोके रात्री उशीवर. आणि सगळ्यात न पटणारी गोष्ट म्हणजे डोळे फिरवले की ऐकू येतात, पुस्तकाची ओळ संपून नजर डावीकडे परत येते तेव्हा पाटीवर पेन्सिल ओढल्यासारखं सर्र होतं. हे शंभर टक्के खरं आहे, या आजारात नोंदलेलं लक्षण आहे, आणि दुसऱ्या फारशा आजारांत ते होत नाही. स्वतःचा आवाज माठात तोंड घालून बोलल्यासारखा येतो म्हणून माणूस आपोआप हळू बोलायला लागतो, सासूबाई मला वर्षभर म्हणायच्या, "अगं मोठ्याने बोल की जरा, काय पुटपुटतेस."

दुसरा भाग चकरेचा. कुकरची शिट्टी झाली की ओटा क्षणभर वर सरकतो. आरतीत झांजा आणि शंख एकदम सुरू झाले की भिंत धरायची, आणि शंख स्वतः फुंकणं तर बंदच, कारण नाक-तोंड दाबून जोर केला, जड बादली उचलली, शौचाला कुंथलं, जोरात शिंकलं, की दाब थेट त्या भोकावर जातो. कपालभाती, भस्त्रिका, कुंभक हेही त्यातच येतं, आपल्याकडे चक्कर म्हटलं की प्राणायाम सांगणारे खूप असतात म्हणून मुद्दाम लिहिलं. रंगपंचमीच्या गेरला (रंगांच्या मिरवणुकीला) राजवाड्यावर किंवा अनंत चतुर्दशीच्या झांक्या (देखावे) बघायला रस्त्यावर उभं राहणं मला आता जमत नाही, याचं वाईट वाटतं, लहानपणापासून एक वर्ष चुकवलं नव्हतं.

इअरप्लग घाला असं सगळे सांगतात. बाहेरच्या ढोलासाठी त्याचा उपयोग होतो, पण कान बंद केला की आतले आवाज अजून वाढतात, त्यामुळे प्लग खिशात ठेवायचा आणि गरजेपुरताच घालायचा. शिंक तोंड उघडं ठेवून द्यायची.

चुकीचं निदान

इथे खरी अडचण आहे. चक्कर म्हटली की मानेचा स्पॉन्डिलायटिस, नाहीतर बीपी, नाहीतर टेन्शन. डोळे ऐकू येतात म्हटलं की सरळ मानसोपचाराची चिठ्ठी. चकरेवरच्या बीटाहिस्टिनच्या गोळ्या महिनोन्महिने चालतात, पण गोळीने हाडाचं भोक भरत नाही. आणि सगळ्यात धोक्याची गल्लत ओटोस्क्लेरोसिसशी होते कारण ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, जवळपास तसाच दिसतो, हवेतून ऐकण्याची रेघ खाली आणि हाडातून ऐकण्याची वर, मग रिकीब काढून पिस्टन बसवायचं ऑपरेशन सुचवतात आणि ते या आजारात उपयोगाचं नाही. माझी त्या ऑपरेशनची तारीखसुद्धा ठरली होती.

फरक कळतो तो दोन-तीन साध्या गोष्टींनी. ओटोस्क्लेरोसिसमध्ये स्टेपेडियल रिफ्लेक्स (मोठ्या आवाजाला रिकिबीचा स्नायू आपसूक आखडतो ते) जातो, यात तो शाबूत असतो. यात हाडाची रेघ शून्याच्याही वर जाते (वर म्हणजे नेहमीपेक्षा बारीक आवाजही ऐकू येणं), उणे पाच, उणे दहा, पण पुष्कळ ठिकाणी शून्यावरच तपासणी थांबवतात म्हणून ते कागदावर येतच नाही, तेव्हा उणेपर्यंत बघा असं आपणच सांगावं. आणि ट्यूनिंग फोर्क, म्हणजे वाजवला की थरथरणारा धातूचा काटा. माझ्या वेळी ऑडिओलॉजिस्ट मुलगी रिफ्लेक्सचा ग्राफ बघून थांबली, मला चप्पल काढायला सांगितली, फोर्क वाजवून घोट्याच्या हाडावर टेकवला आणि विचारलं, "ताई, कुठे कळतंय?" मी म्हटलं उजव्या कानात. घोट्यावरचा फोर्क कानात वाजतो म्हणजे काय ते तिला लगेच समजलं, मला मात्र तेव्हा नुसतं रडू आलं, कारण पहिल्यांदा कोणीतरी माझ्या सांगण्यावर मान डोलावली होती.

पक्कं निदान एका तपासणीवर होत नाही, लक्षणं, सीटी आणि कानाची चाचणी तिन्ही जुळावी लागतात, २०२१ मध्ये बारानी सोसायटीने (चक्कर-तोलाच्या आजारांवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था) जे निकष छापले त्यांचाही रोख हाच आहे. सीटी म्हणजे एचआरसीटी टेम्पोरल बोन, कानशिलाच्या हाडाचा बारीक सीटी, स्लाइस अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या, आणि त्या नळीच्या पातळीत पुन्हा जुळवून काढलेल्या, नुसत्या नेहमीच्या आडव्या-उभ्या कापांत पातळ हाडसुद्धा भोकासारखं दिसतं. फिल्मवर थांबू नका, सीडी मागून घ्या, पुढचा डॉक्टर तीच मागणार. तिसरी चाचणी व्हेम्प, मानेवर आणि डोळ्याखाली चिकटपट्ट्या लावून कानात टक-टक आवाज देतात, भोक असेल तर फार कमी आवाजालाही स्नायू उत्तर देतात आणि डोळ्याखालची लाट मोठी येते. सीटी इंदूरमध्ये सहज होतो, व्हेम्पसाठी मात्र आधी फोन करून मशीन आहे का आणि चालू आहे का ते विचारूनच निघावं. मुंबईला जायचं तर रात्रीची अवंतिका एक्स्प्रेस बरी, सकाळी उतरून दवाखाना करता येतो, फक्त खालचा बर्थ बघा, वर चढताना जोर लागतो.

ऑपरेशन करायचं का

माझं मत आधीच सांगते: सीटीत भोक दिसलं म्हणून ऑपरेशन करायचं नाही, जगणं किती अडलंय ते बघून करायचं. भोक असूनही काहीच त्रास नसलेली माणसं असतात. आणि हा आजार सहसा जिवावर बेतणारा नाही त्यामुळे घाई कोणी करायला लावत असेल तर दुसरं मत घ्यावंच.

ऑपरेशनचे मुख्य रस्ते दोन. एकात कानाच्या वर कवटीचा छोटा चौकोन उघडून मेंदू हलकेच वर उचलतात आणि भोक समोर बघून बुजवतात. दुसऱ्यात कानामागच्या हाडातून, मॅस्टॉइडमधून जातात, मेंदूला हात लावावा लागत नाही पण भोक तसं थेट दिसत नाही. कोणासाठी कुठला ते भोकाच्या जागेवर आणि सर्जनच्या हातावर ठरतं. बुजवायला हाडाचा चुरा, स्नायूवरचं पातळ आवरण, बोन वॅक्स असं वापरतात. नळी पूर्ण बुजवणं आणि वरून नुसतं छप्पर घालणं यात बुजवणं जास्त टिकतं असा बहुतेकांचा अनुभव आहे. गोल खिडकी जाड करायचंही एक छोटं ऑपरेशन आहे, त्याचा भरवसा कमी.

बुजवलेली नळी मग काम करत नाही, उरलेल्या पाचांवर मेंदूला नव्याने तोल शिकावा लागतो, त्यामुळे सुरुवातीचे दिवस चक्कर वाढते, काही आठवडे भिंत धरून चालणं आणि तोलाचे व्यायाम असतात. घरात कोणीतरी माणूस लागतो हे आधीच ठरवावं. धोके सांगायचे तर ऐकू येणं थोडं कमी होणं, क्वचित तो कान पूर्णच जाणं, मेंदूभोवतीचं पाणी गळणं, चेहऱ्याच्या नसेला इजा. स्वतःचा आवाज घुमणं आणि आवाजाने येणारी चक्कर या दोन गोष्टी सगळ्यात चांगल्या सुधारतात, डोकेदुखी, थकवा, सतत हलल्यासारखं वाटणं याची खात्री कोणी देत नाही. अनेकांना जोडीला मायग्रेन असतो, तो आधी गोळ्यांनी आटोक्यात आणला तर कधी कधी ऑपरेशनचा विचारच मागे पडतो.

दोन्ही कानांत भोक असेल तर जास्त त्रासाचा कान आधी करतात आणि बराच काळ थांबतात, कारण दोन्ही वरच्या नळ्या बंद झाल्या तर चालताना नजर स्थिर राहत नाही असं होऊ शकतं. माझ्या डाव्या बाजूचं छप्परही सीटीत पातळ दिसतं, भोक नाही, पण उजव्याचं ठरवताना तेही धरावं लागतंय. सर्जननी तीन महिने वही लिहायला सांगितली आहे, चक्कर किती वेळा, कशाने, किती वेळ. गेल्या आठवड्यात चार नोंदी आहेत, त्यातल्या तीन कुकरच्या.