कॅपचं आयुष्य कडेवर ठरतं

रूट कॅनॉल झालं, ठणका थांबला, की खेड्यातून आलेले पुष्कळ पेशंट कॅपच्या तारखेला फिरकतच नाहीत. एसटीचं भाडं, बुडणारी मजुरी, आणि वर "आता दुखत नाही, मग कॅप कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र काही महिन्यांनी, सुपारी फोडताना किंवा भाकरीत खडा लागून मिळतं. दाढेचा अर्धा भाग सुटून हातात येतो.

नस काढली की दाढ वाळते आणि ठिसूळ होते, असं सर्रास सांगितलं जातं. पण रूट कॅनॉलनंतर दाताच्या आतल्या डेंटिनमधलं पाणी फारसं घटत नाही. घटतो तो दातच. किडीनं आधीच पोखरलेला असतो, त्यात नसेपर्यंत पोचायला डॉक्टरांना वरचं छत कोरावं लागतं. दाढेची टोकं एकमेकांना बांधून ठेवणारा मधला भाग गेला, की चावताना ती बाहेरच्या बाजूला वाकू लागतात. जोर लावला तर मागच्या दाढांवर ५०-६० किलोचा भार सहज येतो. रोजच्या चावण्यात भार त्याहून कमी असतो, पण वाकणं घासागणिक चालूच राहतं. मग कधीतरी चीर पडते. ती हिरडीच्या वर थांबली तर निभावतं. खाली दाढेच्या मुळापर्यंत उभी उतरली तर ती काढण्यावाचून इलाज राहत नाही.

कॅपचं पहिलं काम हे वाकणं रोखण्याचं. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवतात ती लाकडाचे तुकडे उकलू नयेत म्हणून. कॅपही तशीच बाहेरून आवळून धरते. त्यासाठी हिरडीच्या वर निरोगी दाताची निदान दीड-दोन मिलिमीटर उंचीची भिंत चहूबाजूंनी शिल्लक हवी. ती नसेल, तर दाताच्या मुळाच्या आत पोस्ट (बारीक दांडा) घालून वर कितीही भारी कॅप चढवा, भरवसा नाही. पोस्ट वरच्या भरावाला आधार देतो, मुळाला बळ देत नाही. म्हणूनच "अजून थोडे दिवस बघू" महागात पडतं.

दवाखान्यात बहुतेक चर्चा होते ती कॅप कशाची आणि वॉरंटी किती वर्षांची, याची. साधी धातूची, धातूवर सिरॅमिक चढवलेली, की झिर्कोनिया? झिर्कोनियाची करामत खरोखर सांगण्यासारखी आहे. झिर्कोनिया म्हणजे झिर्कोनियम ऑक्साइड. त्याचे स्फटिक तापमानाप्रमाणे रचना बदलतात. शुद्ध पदार्थ भट्टीतून काढून थंड होऊ दिला, की सुमारे ४-५ टक्के फुगतो आणि भेगाळतो. त्यात थोडं यट्रियम ऑक्साइड मिसळलं, की गरम अवस्थेतली रचना थंडपणीही टिकते. गंमत पुढे आहे. अशा पदार्थात चीर शिरू लागली, की तिच्या टोकापाशी ताण येतो, तिथले स्फटिक रचना बदलतात, फुगतात आणि चिरेला दाबून धरतात. ऑस्ट्रेलियातील गार्वी, हॅनिंक आणि पॅस्को यांनी १९७५ मध्ये हे दाखवून दिलं. पण दिसायला जास्त पारदर्शक झिर्कोनियात यट्रियम अधिक असतं आणि ही ताकद कमी. अशी झिर्कोनिया पुढच्या दातांना शोभते.

तरीही वॉरंटीच्या कार्डावर मी फार विसंबणार नाही. कार्ड कॅपचं असतं, दाताचं नव्हे. झिर्कोनियाला कीड लागत नाही. तिच्या कडेखालच्या दाताला लागते. कॅप आणि दात यांच्यात सिमेंटची जी बारीक फट असते, ती मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास किंवा त्याहून कमी असावी लागते. माप नीट आलं नाही, कड उघडी राहिली, तर तिथे अन्न आणि जंतू साचतात. आत नस नसेल तर कीड दुखतही नाही. कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

दात पडलेलाच असेल तर गणित बदलतं. जागा रिकामी ठेवली, की मागची दाढ पुढे कलंडते आणि समोरची त्या खड्ड्याकडे वाढत येते. ब्रिजमध्ये शेजारचे दोन दात यंत्रानं घासून बारीक करतात आणि त्यांच्यावर तीन जोडलेल्या कॅप बसवतात. म्हणजे तिघांचा भार दोघांच्या मुळांवर. शेजारचे दात आधीच खूप भरलेले असतील तर ब्रिज चांगला. ते धडधाकट असतील, तर त्यांचं इनॅमल (वरचं कठीण कवच) घासून घालवण्याआधी इम्प्लांटचा (जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर लावलेल्या दाताचा) खर्च जरूर विचारून घ्यावा. छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी खेपा जास्त होतात, पण खर्च बाहेरच्यापेक्षा बराच कमी येतो.

बसस्थानकाबाहेर किंवा बाजारात तासाभरात बसवून मिळणारे "फिक्स दात" मात्र ब्रिज नव्हेत. पावडर आणि द्रव कालवून केलेलं ॲक्रिलिक थेट तोंडात, शेजारच्या दातांना चिकटवलेलं असतं, कधी तारेनं बांधलेलं. ते घट्ट होताना तापतं, त्यातला उरलेला द्रव हिरडीला जाळतो, खाली ब्रश पोचत नाही. चांगले दातही मग हलू लागतात.

नांदेड जिल्ह्याच्या किनवटसारख्या भागात कॅप मागण्याचं आणखी एक कारण असतं: बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडनं पडलेले तपकिरी डाग. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालतं, असं भारतीय मानक सांगतं. डाग पडतात ते लहानपणी, हिरडीच्या आत इनॅमल घडत असताना. लग्न ठरतंय म्हणून विशीतल्या मुलीचे सहा दात कॅपसाठी घासून बारीक करणं मला तरी पटत नाही. त्या वयात नस मोठी असते, घासताना तिला इजा होऊ शकते, आणि डाग वरवरचे असतील तर ब्लीचिंग किंवा वरचा पातळ थर घासून पुष्कळ काम होतं.

ब्रिज बसला, की मधल्या खोट्या दाताखालून रोज जाड फ्लॉस किंवा बारीक ब्रश फिरवायचा. आणि कॅप "उंच लागतेय" असं वाटलं, तर सवय होईल म्हणून सोसत बसू नका. डॉक्टर रंगीत कागद चाववून नेमका टेकणारा ठिपका शोधतात आणि घासतात. घासल्यावर पॉलिश करायला सांगा. खरखरीत राहिलेली झिर्कोनिया समोरच्या दाढेचं इनॅमल झिजवते.